हिरव्या वर्तुळांखालचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या वाळवंटातल्या हिरव्यागार, गोल शेतांचं कौतुक कालच्या अंकात वाचलं. माण-खटावनं त्यांचाच कित्ता गिरवावा, हा सल्लाही वाचला आणि राहवेना. लेखकानं ती वर्तुळं रस्त्यावरून पाहिलेली दिसतात. माझी मुलगी तिथेच, हार्नी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), बर्न्स गावाबाहेर राहते. मी तिच्याकडे राहून आलोय.

तिच्या घरचा नळ आधी खरखरला, मग नुसती हवा सोडू लागला, शेवटी बादलीच्या तळाला वाळू. बोअरवाला म्हणाला, तुमच्याआधी बरेच जण आहेत, थांबावं लागेल. आम्ही गावातून कॅन भरून आणत होतो आणि कुंपणापलीकडे भर दुपारच्या वाऱ्यात पिव्हट, म्हणजे शेताच्या मध्याभोवती गोल फिरणारा लांबलचक फवारा, पाणी उडवत फिरत होता. पीक कसलं? अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास. एकेक वर्तुळ सव्वाशे एकरांचं! पाऊस म्हणाल तर आमच्या माणपेक्षाही कमी. जमिनीतून उपसतात ते हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी. 2016 मध्ये सरकारनं नव्या परवान्यांना चाप लावला, पण तोवर मुरतं त्याहून जास्त पाणी वाटून झालं होतं. त्यात कायदा असा, की सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जातो. मग पंप बंद कोण करील?

लेखकाला कौतुकच करायचं होतं तर तिथल्या जुन्या गुरंवाल्यांचं करायचं. स्टीन्स डोंगरावरचा बर्फ वितळला की ओढ्या-नद्यांचं पाणी ते कुरणांत पसरू देतात. तेच गवत कापून हिवाळ्याची बेगमी करतात. त्याच पाणथळ कुरणांत वसंतात क्रौंचांचे थवे उतरतात. यावर लेखात एक ओळ नाही.

आमच्याकडे चाऱ्यासाठी छावण्या लागतात हे खरं. म्हणून माळरानावर बोअर मारून लसूणघास करायचा? शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीनं मग पाणी कुठून आणायचं?

आणखी एक. गायरानांवरचं माझं मागचं पत्र छापलंत, पण अतिक्रमणांचा परिच्छेद गाळून. पत्र त्यासाठीच लिहिलं होतं. हे तरी पूर्ण छापा आणि हार्नीतल्या घरगुती बोअरचं पाणी किती फूट खाली गेलंय, ते लेखकाला विचारून वाचकांना कळवा.

आपला,
एक वाचक, म्हसवड (जि. सातारा)