संकासुराचा काळा आणि राजाचा लाल : दादा, तुमचे आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्टुडिओत येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही पासपोर्ट फोटोच्या गिऱ्हाइकाकडे वळता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र. दशावतारी नाटकाचे फोटो काढणाऱ्या इतर पोरांनाही तुमची शिकवण कळावी, हाही हेतू आहे.

जत्रेतल्या रात्रीचा उजेड तुम्हाला ठाऊकच आहे. एका बाजूने पिवळा हॅलोजन, दुसरीकडून पांढरा एलईडी, मागे देवळातल्या ट्यूबा. सुरुवातीला काळ्या वेशातला संकासुर येतो, त्याच्या पाठीमागे काळोखच. मग आख्यान लागतं आणि लालभडक अंगरख्यातला राजा उभा राहतो. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या, फोटोत संकासुराचा नुसता काळा डाग दिसायचा आणि राजाचा अंगरखा सपाट लाल. ना चुणी, ना जर.

तुम्ही कॅमेरा रॉवर, म्हणजे टिपलेला उजेड कच्चाच साठवणाऱ्या फाइलवर, ठेवायला सांगितलंत आणि कारणही समजावलंत. जेपेगमध्ये एका रंगाला २५६ छटा, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर हिरव्या रंगाचे ठिपके निम्मे, लाल आणि निळे पाव-पाव. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या त्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं. पिवळ्या उजेडात लाल कापड आलं की लाल ठिपके सगळ्यांत आधी भरतात, आणि पार भरले की त्यातली चुणी कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. "लाल सांभाळ, एक्सपोजर (आत येणारा उजेड) थोडं खाली घे, काळ्याचं घरी बघू," हे तुमचं सांगणं. काळ्यात मग थोडे दाणे येतात. येऊ देत, म्हणालात, रात्रच आहे ती.

महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर घेणं मला परवडणारं नव्हतं. तुम्ही माझ्या लॅपटॉपवर रॉ फोटो घडवायचं डार्कटेबल आणि फोटो एकावर एक ठेवून जोडायचं गिंप चढवून दिलंत. दोन्ही फुकट, दोन्ही जगभरच्या लोकांनी हौसेनं घडवलेली. तुमचं स्वतःचं काम तर दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर चालतं. केवळ मला शिकवता यावं म्हणून तुम्ही ही दोन्ही आधी शिकलात, हे तुमची वही हातात आली तेव्हा कळलं. पानोपानी बटणांची नावं, कोणती स्लायडर कुठवर न्यायची, बाजूला तुमच्या खुणा. दादा, दिवसभर दुकान सांभाळून कोण कुणासाठी एवढं करतं?

लेअरची, म्हणजे फोटोच्या थरांची, रीत मी आजही तुमच्याच क्रमानं करतो. एकच रॉ डार्कटेबलमध्ये दोनदा काढायची, एकदा लाल अंगरखा बघून, एकदा अंधार उचलून. दोन्ही १६ बिटच्या टिफ फाइली करून गिंपमध्ये एकावर एक ठेवायच्या आणि वरच्या लेअरला मास्क, म्हणजे हवं तिथे झाकणारा पडदा, लावायचा. काळ्या ब्रशनं लपवायचं, पांढऱ्यानं दाखवायचं. चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळसर पडला असेल तर दोन वेगळे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) घेऊन हेच करायचं. मूळ रॉला हात लागत नाही. डार्कटेबल आपले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. त्यामुळे पुढच्या वर्षी समज वाढली की तोच फोटो पुन्हा नव्यानं करता येतो. मला ही सोय फार मोलाची वाटते.

पण सगळ्यांत मोठं देणं वेगळंच. गालावरचा घाम, पसरलेलं काजळ, सुटत आलेली मिशी, यांतलं काही पुसायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. नट आपलं तोंड आपल्या हातानं रंगवतो आणि रात्रभर उभा राहतो. ते गुळगुळीत करण्याचा हक्क आपल्याला नाही. हल्ली फोन न विचारताच चेहरे घासून देतात, तेव्हा हे जास्तच पटतं.

संकासुराचं काम करणाऱ्या काकांना मी मोठी प्रिंट नेऊन दिली. काळ्या कापडावरचं ठिगळ आणि त्याचे टाके त्यांनी बोटानं दाखवले. ते ठिगळ काकूंनी लावलेलं. घरातल्या सगळ्यांनी ती प्रिंट उजेडाकडे धरून पाहिली. ते श्रेय तुमचं आहे.

आमच्या वाडीतली एक मुलगी यंदा जत्रेत कॅमेरा घेऊन बसणार आहे. लेअरपर्यंत मी तिला शिकवलंय. मास्कच्या कडा केसांपाशी कशा मऊ ठेवायच्या, ते तिला तुम्हीच दाखवा. तुमच्यासारखं मला समजावता येत नाही. वहीची झेरॉक्स काढून झाली आहे, मूळ वही तिच्याबरोबर पाठवतो.

तुमचा ऋणी