ओवा संपला, पण शेपा भेटला

श्टुटगार्ट
14 नोव्हेंबर

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझा आवाज खोल गेलेला ऐकून तू काळजीत पडलीस, असं आई म्हणाली. आता पोट बरं आहे. रविवारी उरलेला भात सोमवारी रात्री परतून खाल्ला, तो बाधला. मळमळ, दोन उलट्या, पोटात नुसती गुडगुड. आणि तुझी ओव्याची पुरचुंडी नेमकी रिकामी!

खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी (इथे आजीला ओमा म्हणतात) जिन्यातच माझा चेहरा ओळखला. थोड्या वेळानं त्या चक्क खलबत्ता घेऊन वर आल्या. बडीशेप, आणि अनिस व क्युमेल नावाच्या इथल्या बिया सारख्यासारख्या घेऊन जराशा ठेचल्या, वर उकळतं पाणी ओतलं आणि कपावर बशी उपडी घातली. दहा मिनिटं बशीला हात लावायचा नाही, वाफेबरोबर तेल उडून जातं म्हणे. तू काढा झाकून ठेवतेस, तसंच. साखरही घालू दिली नाही.

बशी उचलली आणि ताईच्या बाळंतपणाची खोली आठवली. बाळंतशेपाच! भास झाला म्हणावं, तर नंतर वाचलं की क्युमेल आणि शेपा, दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचं एकच द्रव्य असतं.

याच क्युमेलनं पहिल्या महिन्यात मला फसवलं होतं. दिसायला थेट जिरं, म्हणून वरणाला फोडणी दिली आणि सगळं वरण औषधासारखं लागायला लागलं. जिऱ्याला इथे क्रॉइझक्युमेल म्हणतात. क्युमेल हे लोक आंबवलेल्या कोबीत घालतात, पोट फुगू नये म्हणून. आपण गवारीत ओवा घालतो ना, तसं.

खाऱ्या, बिस्किटासारख्या कुरकुरीत काड्या आणि कोला हाही इथला जुना उपाय आहे. पण एवढ्या साखरेनं जुलाब वाढतात म्हणून डॉक्टर आता नको म्हणतात. ओमांनी सफरचंद किसून, काळं पडेपर्यंत ठेवून मग खायला लावलं. दिसायला अगदी भयंकर, पण पोटात टिकलं.

काल त्यांना तुझ्या आलेपाकाची शेवटची वडी दिली. तोंडात टाकताच डोळे मोठे करून विचारलं, "यात मिरची आहे?"

डिसेंबरात काका येतील, त्यांच्याबरोबर ओवा पाठव. पुड्या दोन कर, एक खालच्या मजल्यासाठी. आलेपाक मात्र माझ्यापुरताच.

तुझी,
छकुली