कोपराखालच्या उशीबद्दल

फिजिओ मॅडम,

नाव घालत नाही, तुम्ही संकोचाल. तुमच्याकडे आले तेव्हा मला पाचवा महिना चालू होता (डाव्या खांद्याच्या दुखण्याचा हो, वय वर्षं 53!). त्याआधी दोन दारं पुजून झाली होती. एकांनी एक्स-रे उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हाडं ठीक आहेत, वय झालं." फ्रोझन शोल्डर (माझा हा आखडलेला खांदा) एक्स-रेत दिसत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. दुसऱ्याने हात धरून असा हिसडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तुम्ही आधी हाताला हातच लावला नाहीत. विचारलंत, "रात्री झोपता कशा?" हे कुणीच विचारलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा. मला रडू फुटलं. मग तुम्ही चपला काढल्यात, स्वतः त्या टेबलावर उताण्या झोपलात आणि उशी दंडा-कोपराखाली सरकवलीत. "कोपर खाली लोंबकळू द्यायचं नाही. कुशीवर झोपलात तर उशी पोटाशी कवटाळा." बाहेर चार पेशंट खोळंबले होते, आणि डॉक्टरीणबाई मला झोपून दाखवतायत! त्या रात्री मी सलग चार तास झोपले.

मी शिलाईकाम करते. सगळे म्हणत, मशीनवर वाकून वाकून खांदा गेला. तुम्ही तो दोष माझ्या माथी मारला नाहीत. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडलंय म्हणालात. मी मनात म्हटलं, अस्तर आटलं. दुखतंय म्हणून आपण खांदा आवळून पोक काढतो, पाठ वाकली की फरा (खांद्यामागचं पसरट हाड) पुढे कलतो आणि हात आणखीच कमी उचलतो. हे नुसतं सांगितलं नाहीत. पोक काढून हात वर करायला लावलात, भिंतीवर पेन्सिलीने खूण केलीत. मग पाठ सरळ करून पुन्हा. दुसरी खूण चार बोटं वर! पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात आहे असं वाटलं.

पोक गेला म्हणून खांदा सुटणार नाही, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, हेही तेव्हाच सांगितलंत. "आठ दिवसांत मोकळा करतो" म्हणणाऱ्यांपेक्षा त्याचाच आधार वाटला. मधुमेहात हे दुखणं जास्त आढळतं म्हणून साखर तपासायलाही तुम्हीच पाठवलंत. निघाली.

माणसाला रात्र कशी जाते हे विचारायला कुठलं मशीन लागतं? पण विचारतं कोण. तुम्ही विचारता, रिक्षावाल्या काकांनाही विचारताना ऐकलंय मी.

आता वरच्या फळीवरचा रिळांचा डबा स्टुलाशिवाय निघतो. हात पाठीमागे मात्र अजून नीट जात नाही. गिऱ्हाइकांना मागच्या हुकांचे ब्लाउज शिवून देते, स्वतःला पुढच्याच. उशी अजून तिथेच असते, कोपराखाली. तिला नवा अभ्रा शिवलाय. एक तुमच्यासाठीही शिवलाय, येताना आणते.

तुमची,
मंगळवारी साडेअकराची पेशंट