ताई, तुम्ही मला ती टिक करू दिली नाहीत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला राजारामपुरीतल्या घरी कायमच्या परतलात, त्यालाही आता एक पावसाळा उलटला. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या सलूनमध्ये तुमची खिडकीजवळची खुर्ची आता एक नवी मुलगी सांभाळते. फोनवर मी आभाराचा विषय काढला की तुम्हाला लगेच गॅसवरची भाजी आठवते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिकागोकडे पार्लरमध्ये काम करणाऱ्या आपल्या बायकांच्याही ते वाचनात यावं, असं मनापासून वाटतं.

२०१९ चा सप्टेंबर तुम्हाला आठवत असेल. गणपती नुकतेच गेले होते. सांगलीत बरीच वर्षं पार्लर चालवून मी इकडे आले, इलिनॉय राज्याच्या नियमाप्रमाणे पुन्हा १,५०० तास ब्यूटी स्कूलमध्ये बसले आणि २०१६ मध्ये पार्लरच्या कामाचं लायसन्स मिळवलं. ते दर विषम वर्षी ३० सप्टेंबरला संपतं. २०१७ ला मी नुसती फी भरली होती आणि काम झालं होतं. पहिल्या रिन्यूअलला शिक्षणाच्या तासांची अट नसते, म्हणून ते इतकं सोपं गेलं, हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या खेपेपासून १४ तास लागतात. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत फॉर्म उघडला, आणि समोर प्रश्न आला, की सीईचे, म्हणजे त्या पुढच्या शिक्षणाचे, तास पूर्ण केलेत का.

माझा एकही तास झालेला नव्हता. हातात जेमतेम दोन आठवडे होते. त्यात नवरात्र तोंडावर, आणि गरब्याआधीचे ते दिवस डेव्हनवर कसे असतात हे तुम्हाला मी काय सांगू? उभ्यानेच जेवायचं आणि उभ्यानेच चहा प्यायचा. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, 'हो वर टिक कर आणि पैसे भर. सर्टिफिकेटं कोण मागतंय? तपासणीत नाव निघालं तर बघू.' ते खोटंही नव्हतं. फॉर्मबरोबर सर्टिफिकेटं जोडावी लागत नाहीत, आपल्याकडे जपून ठेवायची असतात. माझं बोट माउसवर होतं, ताई. घराचं भाडं, मुलाची फी, सगळं त्या कागदावर चालत होतं.

तुम्ही हातातला फॉइलचा तुकडा खाली ठेवलात आणि माझ्याजवळ आलात. ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, 'हे शपथेवर लिहून देणं आहे. आज खोटं लिहिलंस तर हा कागद भिंतीवर लावताना दरवेळी आठवेल. बंद कर ते. चौदा तास काही आभाळाएवढे नाहीत.'

त्यानंतरचे दोन्ही सोमवार तुम्ही मला दिलेत. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. मी एक स्वस्तातला कोर्स शोधून ठेवला होता. तो घेणारी संस्था इलिनॉयकडे नोंदलेली आहे का, हे तुम्ही आधी तपासलंत. ती नव्हती. पैसे गेले असते आणि तासही धरले गेले नसते. मग वर्ग तुम्ही शोधलात, गाडीने न्यायला आलात, आणि स्वतःचे तास उन्हाळ्यातच झालेले असताना माझ्या शेजारी बसून राहिलात. निर्जंतुकीकरणाच्या तासाला बार्बिसाईडचं, म्हणजे कंगवे बुडवायच्या जंतुनाशकाचं, माप सांगत होते, ३२ औंस पाण्याला २ औंस आणि कंगवा पूर्ण १० मिनिटं बुडलेला. तुम्ही माझ्या वहीत '१०' भोवती पेनाने गोल केलात. घाईच्या दिवशी मी कंगवे किती लवकर बाहेर काढते, हे तुम्ही पाहिलेलं होतं. तो गोल अजून माझ्या वहीत आहे.

उरलेले तास तुमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कॉम्प्युटरसमोर झाले. त्यातला एक तास कौटुंबिक हिंसा आणि लैंगिक अत्याचार ओळखण्याबद्दलचा होता. १ जानेवारी २०१७ पासून इलिनॉयने तो आपल्या व्यवसायाला लागू केला. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं राज्य. तो तास मी नुसता चालू ठेवून पोळ्या लाटल्या असत्या. तुम्ही मध्येमध्ये थांबवून मला मराठीत सांगत गेलात.

एका गिऱ्हाईक बाईच्या कानामागे केस गेलेला एक डाग मी त्याच उन्हाळ्यात पाहिला होता. मी त्या बाईला म्हणाले होते, 'चाई पडलीये, डॉक्टरांना दाखवा.' ती 'हो' म्हणाली होती. त्या रात्री मी हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही विचारलंत, 'डाग गुळगुळीत होता का? गोल होता?' नव्हता. वेडावाकडा होता, आत लहानमोठे तुटके केस होते, आणि कंगवा लागल्यावर तिने मान आखडली होती. चाईला असं दुखत नाही, हे माझ्या हातांना कळत होतं. मी विचार तेवढा केला नव्हता.

पुढचा अर्धा तास तुम्ही मला विचारायचं कसं ते शिकवलंत. 'घरी सगळं ठीक ना?' असं आपल्या बाईला विचारलं तर ती 'हो' च म्हणणार. नवरा बाहेर सोफ्यावर बसला असेल तर खुर्चीत विचारायचं नाही, केस धुताना मागच्या बेसिनपाशी विचारायचं. 'घरी जायची भीती वाटते का?' एवढंच. उत्तर आलं नाही तर पाणी चालू ठेवायचं आणि दुसरं काही बोलायचं. आपल्यावर तक्रार करायची सक्ती कायद्याने केलेली नाही. आपण ओळखायचं आणि मदत कुठे मिळते ते सांगायचं. 'अपना घर' हे नाव मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. शिकागोत आपल्या भागातून आलेल्या बायकांना आसरा देणारी संस्था इतकी जवळ आहे, हे मला माहीत नव्हतं.

रविवारी, २९ तारखेला घटस्थापना होती. तुमच्या देवघरात घट बसले, तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, 'आता कर टिक.' मी केली. एक दिवस राखून.

ती बाई पुन्हा आली. ती कोण, कुठली, हे मी लिहिणार नाही. बेसिनपाशी विचारलं. ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग तिने नंबर मागितला. कागदावर नको म्हणाली, पाठ करते म्हणाली. मी पाण्याचा आवाज वाढवून तो तीनदा म्हटला आणि तिने तीनदा माझ्यामागून म्हटला. त्यानंतर ती आपल्या सलूनमध्ये आली नाही. तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि दर नवरात्रात ती आठवते.

त्या वेळी टिक करून मोकळी झाले असते तर तिलाही मी पुन्हा डॉक्टरांचंच नाव सांगितलं असतं. हे मला तुम्हाला कधी तोंडाने सांगता आलं नाही, ताई. म्हणून इथे सांगते.

आता माझे तास मी उन्हाळ्यातच करते. सर्टिफिकेटं तुम्ही दिलेल्या त्या निळ्या फाइलमध्ये असतात. नव्या मुलीचं पहिलं रिन्यूअल झालंय, पुढच्या खेपेचं मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय, आणि तिच्याबरोबर सोमवारी बसणार आहे.

डिसेंबरात सांगलीला येते आहे. कोल्हापूर काही लांब नाही. तुमचे केस कोण कापतं तिथे, ते तुम्ही सांगत नाही. माझी कात्री मी घेऊन येते.

तुमची,
पलीकडच्या खुर्चीवरची