बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: दोन तासांत मुंबई कधी?

ब्रिस्बेन,
नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. ‘मुंबई ते न्यूयॉर्क एका तासात, भारताचे नवे इंजिन’ आणि खाली तिरंग्यांची रांग. वर तुमचा प्रश्न, ‘मग तू दोन तासांत मुंबईला कधी येणार?’ फोनवर सांगायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, हे घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होता, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं. शिवाय आईचाही एक प्रश्न कधीचा लोंबकळतोय. तिने तो काढला की मी जेवणाचा विषय काढते. त्याचंही उत्तर देते, पण आधी तुमचं.

व्हिडिओतलं विमान म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. इंजिनाची बातमी मात्र खरी आहे. हैदराबादच्या डीआरडीएलने, म्हणजे डीआरडीओच्या प्रयोगशाळेने, यंदा २५ एप्रिलला स्क्रॅमजेट नावाच्या इंजिनाचा कम्बस्टर, म्हणजे इंधन जळायची जागा, जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त वेळ चालवला. जानेवारीत हाच आकडा १२० सेकंद होता. ही खरोखर मोठी मजल आहे, उगाच पाठ थोपटून घेणं नाही. फक्त तो कम्बस्टर छोट्या आकाराचा होता, टेस्ट स्टँडवर आवळून बसवलेला होता, आणि त्याच्यापासून मुंबई–न्यूयॉर्कपर्यंत भलतंच अंतर आहे.

तुमची हयात एस.टी.च्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे तुम्हाला समजावणं सोपं. डिझेल इंजिनात प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, त्यात नोझलने डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. स्क्रॅमजेटमध्ये पिस्टनसुद्धा नाही. पंखा नाही, टर्बाइन नाही, फिरणारा एकही भाग नाही. आवाजाच्या पाच-सहापट वेगाने इंजिन हवेत घुसतं आणि त्याच्या तिरप्या तोंडावर आदळूनच हवा दाबली जाते, तापते. आत नुसता एक नळ, त्यात इंधन सोडायचं. उभ्या गाडीत मात्र हे इंजिन काही कामाचं नाही. सेल्फ मारून चालू होत नाही, धक्का मारूनच चालू करायचं, आणि धक्का कसला तर मॅक चार-पाचचा, म्हणजे आवाजाच्या चार-पाचपट वेगाचा. एवढा धक्का आजवर बहुतेक रॉकेटनेच दिलाय.

तुम्ही म्हणाल, ब्रह्मोस तर कधीचं उडतंय. त्यात रॅमजेट आहे. ते आत आलेली हवा आवाजाच्या वेगाखाली आणतं आणि मग जाळतं. ब्रह्मोसच्या वेगाला, म्हणजे मॅक तीनच्या आसपास, हे छान चालतं. पाचच्या पुढे गेलं की हवा नुसती थोपवल्यानेच इतकी तापते की इंधन जाळून वर फारसं काही मिळत नाही. मॅक सातला, ३० किलोमीटर उंचीवरची हवा पूर्ण अडवली तर तापमान २००० अंशांच्या आसपास जातं. म्हणून स्क्रॅमजेटमध्ये हवेला पूर्ण अडवतच नाहीत, ती आवाजापेक्षा जोरात वाहत असतानाच जाळतात. आता हिशेब करा. हवा सेकंदाला दीड किलोमीटर पळतेय आणि कम्बस्टर हातभर लांब. इंधन मिसळायचं, पेटायचं आणि जळून जायचं, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत.

माझं काम नेमकं इथे येतं. क्वीन्सलँड विद्यापीठात टी-४ नावाचा शॉक टनेल आहे, म्हणजे क्षणभर प्रचंड वेगाची हवा सोडणारा बोगदा, १९८७ पासूनचा. रे स्टॉकर नावाच्या प्राध्यापकांनी उभारलेला. ते २०१४ मध्ये गेले, पण इथे अजून रोज त्यांचं नाव निघतं. २६ मीटर लांबीची नळी, तिच्यात नव्वदेक किलोचा पिस्टन. मागून दाबाची हवा सोडली की तो पिस्टन सुसाट निघतो आणि पुढचा हलका वायू दाबत नेतो. पुढे काही मिलिमीटर जाडीचा पोलादी पडदा असतो. दाब पुरेसा झाला की तो फाटतो, तापलेला वायू दुसऱ्या नळीत घुसतो, तिथल्या हवेत शॉक वेव्ह उठते, आणि शेवटी नोझलमधून ती हवा आमच्या इंजिनाच्या मॉडेलवर जाते. कामाचा प्रयोग काही मिलिसेकंदांचा. तेवढ्यासाठी तासन् तास तयारी करायची, व्हॉल्व्ह तपासायचे, सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि मग एक दणका. संपला प्रयोग.

शॉट झाल्यावर तो पडदा बाहेर काढतात. त्यावर आधीच लेथ-मिलिंगवाल्यांनी फुलीसारख्या खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे तो चार पाकळ्यांत उघडतो, तुकडे उडत नाहीत. माझ्या टेबलावर असा एक आहे. पाकळ्यांच्या कडा निळसर झाल्यात आणि एका पाकळीचं टोक जरा जास्त वळलंय. आमच्या वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या फिटरने तो हातात घेऊन बोट फिरवलं आणि म्हणाला, खाच या बाजूला थोडी खोल गेली होती. तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असतात.

एवढ्याशा वेळात इंधन खरंच जळलं हे कळतं कसं, हा प्रश्न मलाही पहिल्या दिवशी पडला होता. पद्धत झकास आहे. एक शॉट इंधनाशिवाय घ्यायचा. दुसऱ्यात हवेत हायड्रोजन सोडायचा. तिसऱ्यात हायड्रोजन तेवढाच, पण हवेऐवजी नायट्रोजन भरायचा, म्हणजे जळायला ऑक्सिजनच नाही. मग भिंतीवरच्या दाबाचे तीन आलेख एकावर एक ठेवायचे. हवेतला आलेख नायट्रोजनच्या आलेखाच्या जेवढा वर, तेवढी ज्वलनाची करामत. ज्वाळेचा फोटो काढण्यापेक्षा मला हा पुरावा जास्त आवडतो.

याच विद्यापीठातल्या मंडळींनी ३० जुलै २००२ ला ऑस्ट्रेलियातल्याच वूमेराच्या वाळवंटातून हायशॉट नावाचं स्क्रॅमजेट सोडलं. रॉकेटने वर नेलं, ३०० किलोमीटरच्या वर, आणि खाली येताना नाक जमिनीकडे करून मॅक ७.६ च्या वेगाने ३५ ते २३ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात प्रयोग केला. सहा सेकंद. आदल्या वर्षीचा पहिला प्रयत्न रॉकेट भरकटल्याने फुकट गेला होता. खर्च इतर देशांच्या मानाने किरकोळ. नासाचं एक्स-४३ए पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये मॅक ९.६ पर्यंत गेलं, इंजिन चाललं दहाएक सेकंद. अमेरिकेच्या हवाई दलाचं एक्स-५१ मे २०१३ मध्ये साडेतीन मिनिटं चाललं, मॅक ५.१ ला. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पाच सेकंद, आणि डीआरडीओने ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या कलाम बेटावरून वीस सेकंदांहून जास्त.

या यादीत बहुतेक आकडे सेकंदांचे आहेत हे बघा. उडत असतानाचा यातला मोठ्यात मोठा आकडा साडेतीन मिनिटं. म्हणूनच हैदराबादच्या हजार सेकंदांचं मला कौतुक. इंजिन पेटतं की नाही हा वाद मिटलाय. ते पेटल्यावर स्वतःच वितळत कसं नाही, हा खरा प्रश्न आहे. एक्स-५१ मध्ये इंधन आधी इंजिनाच्या भिंतींतून फिरवून भिंती गार ठेवल्या, मग तेच इंधन जाळलं. हैदराबादवाल्यांनीही हीच वाट धरलीय, वर उष्णता थोपवणारा सिरॅमिकचा लेप. तुमच्या भाषेत कूलंट आणि डिझेल एकच.

आता तुमचा प्रवास. मुंबई ते ब्रिस्बेन सरळ रेषेत साधारण दहा हजार किलोमीटर. मॅक सहा म्हणजे त्या उंचीवर सेकंदाला १.८ किलोमीटर, तर दीड तासाच्या थोडं वर. पण आईला बसवून एकदम मॅक सहा गाठता येणार नाही. तिला सोसेल अशा बेताने वेग वाढवला तर पंधरा मिनिटं त्यातच जातात, आणि कमी करायला तेवढीच. म्हणजे दोन तास धरा. कराडहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला याच्या तिप्पट वेळ लागतो आणि वर तीन तास आधी या म्हणतात ते वेगळंच!

आणि आई, खिडकी नाही बरं का. इंग्लंडच्या रिअॅक्शन इंजिन्स कंपनीने युरोपीय संघाच्या पैशातून असं एक विमान कागदावर आखलं होतं, ब्रसेल्स ते सिडनी साडेचार तासांत, तीनशे प्रवासी, मॅक पाच. त्यात खिडक्याच नव्हत्या, कारण एवढ्या उष्णतेत खिडक्या बसवायच्या तर वजन फार वाढतं. याच कंपनीने एक अजब शीतक बनवला होता. १००० अंशांची हवा सेकंदाच्या विसाव्या भागात गार करायची, केसाहूनही पातळ भिंतींच्या हजारो नळ्यांतून. २०१९ मध्ये कोलोरॅडोत त्याची मॅक पाचच्या तापमानाला चाचणी यशस्वी झाली. यंत्र चाललं, कंपनी नाही चालली. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी पैसे संपले आणि दारं बंद. ती बातमी वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही, आणि तिथे माझं कुणीही नव्हतं.

काँकॉर्डचं तर तुम्हाला माहीतच आहे. १९७६ ते २००३, जेमतेम शंभर सीटा, तिकीट आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं, आणि आवाजाच्या धमाक्यामुळे जमिनीवरून पूर्ण वेगाने उडायला बंदी. तेही मॅक दोनच होतं. नासाचं एक्स-५९ गेल्या महिन्यात २८ तारखेला पहिल्यांदा उडालं, तो धमाका सौम्य करता येतो का ते बघायला. तो प्रयोग मॅक दीडच्याही खालचा आहे. मॅक सहाचं प्रवासी विमान माझ्या हयातीत येईल का? पैज लावायची तर मी ‘नाही’वर लावीन. उपग्रह वर न्यायला मधल्या टप्प्यात स्क्रॅमजेट वापरायचं, परत उतरवून पुन्हा वापरायचं, हे त्याआधी जमेल असं वाटतं. इथल्या गटाचा जीव त्यातच अडकलाय.

आता आई, तुझा प्रश्न. ‘तू क्षेपणास्त्रं बनवतेस का गं?’ मी बनवत नाही. मी हायड्रोजन किती लवकर मिसळतो ते मोजते आणि ते छापून येतं, कुणीही वाचावं. पण वाचणाऱ्यांत क्षेपणास्त्रवाले असतात, आणि जगभर या विषयात खरा पैसा त्यांच्याकडूनच येतो. कुणी विचारलं की आम्ही सगळे ‘स्वस्तात उपग्रह’ असं म्हणतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. प्रवासी विमानांची चित्रं तर बहुतेक पैसेवाल्यांना दाखवायला असतात. मला याचं अधूनमधून वाईट वाटतं आणि तरी सकाळी मी टनेलवर जाते, कारण तिथला प्रश्न सोडून देणं मला जमत नाही. यापेक्षा चांगलं उत्तर आज माझ्याकडे नाही. आजीला यातलं काही सांगू नकोस, तिला मी ‘विमान शिकते’ एवढंच पुरे.

फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, सिंगापूरमार्गे, नेहमीचंच. दादाला म्हणावं रजा टाकून मुंबईला गाडी आणू नको, मी पुण्यापर्यंत येते आणि तिथून एस.टी. पकडते. बाबांचा पास चालू आहे ना अजून, की नूतनीकरण राहिलंय?

तुमची,
धाकटी