हप्ता भिंतीत, किराणा पोटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत सहकारनगरच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की हल्लीच्या मुली लग्न करतात, वर्षभरात घटस्फोट घेतात आणि नवऱ्याचं अर्धं घर घेऊन जातात. वाचता वाचता माझी तव्यावरची पोळी करपली. पंचवीस वर्षं संसार करून मला अर्धं घर मिळालं नाही. वर्षभरात ते कोणाला मिळतं, त्या बाईचा वकील कोण, हे त्यांनी जरूर कळवावं.

मी धायरीत पोळीभाजी केंद्र चालवते. लग्न १९९६ चं. २००३ साली आम्ही इथेच वन बीएचके घेतला, पाच लाख चाळीस हजारांना. चार लाख कर्ज काढलं, एक लाख चाळीस हजार रोख भरायचे होते. त्यातले बेचाळीस हजार माझे: वीस हजार भिशीचे आणि बावीस हजार आईनं घातलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडून आलेले. तेव्हा सोनं तोळ्याला साडेपाच हजारांच्या आसपास होतं. करारनामा यांच्या एकट्याच्या नावावर झाला. का, असं मी विचारलं नाही. बिल्डरच्या ऑफिसात कागदांवर सह्या चालल्या होत्या आणि मी धाकटीला घेऊन बाहेर पायरीवर बसले होते. ती रडत होती.

महिना ३,६०० रुपये हप्ता. ह्यांच्या पगारातून हप्ता जायचा आणि उरलेलं गावी सासू-सासऱ्यांना. घरातला किराणा, दूध, गॅस, लाइट बिल, दोन्ही मुलींच्या शाळेच्या फिया माझ्या डब्यांवर. अशी वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती, आपोआप पडत गेली. सोळा वर्षांनी कर्ज फिटलं तेव्हा ह्यांचा प्रत्येक रुपया बँकेच्या पासबुकात दिसत होता. माझा प्रत्येक रुपया आम्ही चौघांनी खाल्ला होता.

२०२१ मध्ये आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. कारणं इथे लिहीत नाही, ती दोघांचीही होती. मी आधी पोटगीचा अर्ज केला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलंय. त्या प्रतिज्ञापत्रातून मला प्रथमच कळलं की ह्यांच्या नावावर दोन फिक्स डिपॉझिटं आहेत. पंचवीस वर्षं एकाच कपाटात कपडे ठेवून हे माहीत नव्हतं.

ह्यांचा पहिला प्रस्ताव होता पाच लाख रुपये आणि "तुझे दागिने तू ने". दलालानं तेव्हा फ्लॅटचे छत्तीस लाख सांगितले होते. मी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशनाला दोन कापडी पिशव्या घेऊन गेले. एकीत शाळेच्या फीच्या पावत्या, पालकाची सही माझी. दुसरीत लाइट बिलं आणि डब्यांच्या वह्या, काही कसरीनं खाल्लेल्या. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "ताई, किराण्याच्या बिलांवर घर मिळत नाही." कायद्यानं त्या बरोबर होत्या.

सहकारनगरच्या गृहस्थांसाठी तो कायदा सांगते. आपल्याकडे नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता असा प्रकारच नाही. घर ज्याच्या नावावर, ज्याचे पैसे दाखवता येतात, त्याचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ वाटणीचं आहे, पण ते लग्नात किंवा त्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. कपाट, मिक्सर, पिंप यांच्यावर भांडायचं असेल तर उपयोगाचं. लग्नानंतर सात वर्षांनी घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. कलम २५ खाली एकरकमी पोटगी मिळू शकते आणि ती ठरवताना कोर्ट दोघांचीही मिळकत आणि मालमत्ता बघतं. (ही पोटगी नवऱ्यालाही मागता येते. गृहस्थांना हे वाचून बरं वाटेल.) पण ती किती द्यायची हे कोर्टाच्या मनावर. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायको दोघं अर्ध्या-अर्ध्याचे मालक असतात. सावंतवाडीच्या पलीकडे माझा किराणा मोजला गेला असता.

शेवटी मला हात दिला तो पाटल्यांनी. सोनं मोडल्याची सराफाची पावती माझ्या नावाची होती, ती मी जपून ठेवली होती. कशासाठी, ते आठवत नाही. मला पावत्या टाकवत नाहीत एवढंच. स्त्रीधन बायकोचंच, त्यावर नवऱ्याची मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ पासून सांगितलंय. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते. माझं प्रकरण त्याआधीच मिटलं. समुपदेशकांनी ती पावती ह्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "या सोन्याचं घर झालं, घर किती पट झालं?" हे बराच वेळ गप्प बसले. मग आकडा हलला. चौदा लाखांवर संमतीनं घटस्फोट झाला, घर ह्यांच्याकडे राहिलं.

ह्यांच्यावर अन्याय नको. सोळा वर्षं जुनी स्कूटर वापरली, एक हप्ता चुकवला नाही. घर आपणच उभं केलं असं त्यांना मनापासून वाटतं आणि कागदही तेच म्हणतात. माझं भांडण कागदांशी आहे.

२०१० साली संसदेत विवाह कायदा दुरुस्ती विधेयक आलं होतं. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा, अशी तरतूद त्यात पुढे आली. राज्यसभेनं ते २०१३ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत मात्र ते पार पडण्याआधी लोकसभेचीच मुदत संपली. विषय तिथेच बारगळला. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सौदी अरेबियात नोकरी केलेल्या माणसाच्या प्रकरणात म्हटलं, की बायकोनं घर सांभाळलं म्हणून तो कमवू शकला, तेव्हा त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा सारखा वाटा आहे. पण तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही.

दिल्लीची वाट कशाला बघायची? विवाह आणि घटस्फोट हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही कायदा करता येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ लाच दिला, केंद्राला २००५ उजाडलं. त्याच्याही आधी, नव्वदच्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा शेतकऱ्यांनी कोणत्या कोर्टानं न सांगता बायकांच्या नावावर जमिनी केल्या. आम्ही शहरातले शिकलेले लोक इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दोन नावं लावताना कचरतो.

आणि नुसती नावं लावूनही भागत नाही. माझ्याकडे डबा लावलेली एक मुलगी आहे, कंपनीत नोकरीला. घटस्फोटात ठरलं की फ्लॅट नवऱ्याचा, हप्ते तोच भरणार. कर्जात दोघांची नावं होती, ती तशीच राहिली. त्यानं हप्ते थकवले तेव्हा बँकेचे फोन हिला. कोर्टात तुम्ही दोघांनी काय लिहून दिलं याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं, तिच्या लेखी दोघंही कर्जदार. तेव्हा सह्या करण्याआधी बँकेकडून आपलं नाव लेखी काढून घ्यावं. तसंच राहतं घर नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, अधिभार वेगळे. ही सवलत नवरा-बायकोला आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर तुम्ही नवरा-बायको राहत नाही, म्हणून द्यायचं असेल ते आधी द्यावं. मला हे मागाहून कळलं, नाहीतर मी घर मागून पैसे दिले असते.

एक गोष्ट मात्र मलाही सुटलेली नाही. थोरली आणि जावई यंदा पुनावळ्याला फ्लॅट घेताहेत. मी आधीच बजावलं, दोघांची नावं लावा. जावई हसले. म्हणाले, "आई, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. एकट्या तिच्याच नावावर करतोय." मी खूश झाले. मग विचारलं, हप्ता कोणाच्या खात्यातून जाणार? त्यांच्या. आणि किराणा? तोही त्यांच्याच कार्डावर, कारण मुलगी सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि पुढे नोकरी धरेल की नाही नक्की नाही. म्हणजे कागदावर सगळं माझ्या लेकीचं, आणि उद्या काही बिनसलं तर दोन पिशव्या घेऊन शिवाजीनगरला जावई जाणार. पावत्या जपून ठेवा असं त्यांना सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार करते आहे.

— धायरीची एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)