आप्पा, सहा तास नव्हे, सोळा!

एडिसन, न्यू जर्सी
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. बॅगाही आल्या. आईला सांगा, ठेच्याची बरणी फुटली नाही, पण चटणीचा वास सगळ्या कपड्यांना लागलाय.

फोनवर तुम्ही विचारलंत, "रात्री दीडला सुटलास, सकाळी साडेसातला उतरलास. म्हणजे सहाच तास? आमची कराड-मुंबई रातराणी तेवढाच वेळ घ्यायची!" सून अजून हसतेय. आप्पा, इथलं घड्याळ सध्या साडेदहा तास मागे आहे. ते मिळवा, म्हणजे जवळपास साडेसोळा तास होतील.

तुमचा दुसरा प्रश्न, किलोमीटर किती? मुंबई ते नेवार्क (आमचा इथला विमानतळ) सरळ मोजलं तर साधारण 12,500. पण हे 'सरळ' भिंतीवरच्या नकाशात दिसत नाही. तिथे पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाईल. मी परवा चिऊच्या पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला. तो पाकिस्तानवरून वर चढला, कझाकस्तान, रशिया, फिनलंड करत आइसलँडला गेला आणि ग्रीनलंडच्या टोकाला घासून खाली कॅनडात उतरला. जवळची वाट ही अशी! मलाही पटेना, दोनदा ताणून बघितलं.

पण त्या वाटेने आम्ही आलोच नाही. एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद आहे. घाटात दरड कोसळली की तुम्ही गाडी दुसऱ्या रस्त्याने काढायचात ना, तसंच. आधी अरबी समुद्र, मग आखातावरून युरोप. वळसा पडला की वेळ वाढतो आणि तेलही जास्त जळतं. या बोइंग 777 च्या टाक्यांत 1 लाख 81 हजार लिटर मावतं. तुमच्या डेपोच्या हिशेबात किती गाड्या होतील, ते तुम्हीच काढा.

त्यात समोरून वारा. 10-12 किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमान ताशी 900 च्या आसपास पळतं, पण वळसा न मोजता 12,500 ला साडेसोळाने भागलंत तर सरासरी 760 सुद्धा पडत नाही. भारतात येताना तोच वारा पाठीशी असतो, दीड-दोन तास वाचतात. आपल्या खंबाटकीसारखंच: पुण्याला जाताना बोगद्यातून सुटायचं, घरी परतताना घाट चढायचा. फक्त माझं उलटं झालंय, घरी येताना बोगदा आणि परतताना घाट.

आणि हो, ड्रायव्हर चार होते! दोघं चालवतात, दोघं झोपतात. त्यांना कॉकपिटच्या मागे वर झोपायला बंक असतात. तुम्ही गाडीच्या टपावर अंथरूण टाकायचात, ते आठवलं.

मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा तुम्हाला खिडकी आणि आईला कडेची सीट घेतो. तिला दर दोन तासांनी उठून चालायला लावायचं, पाय सुजतात. समोरच्या पडद्यावर नकाशा, वेग, उंची, उरलेले किलोमीटर सतत दिसतात. तुम्ही झोपणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. वही मात्र घेऊन या, लॉगशीट भरायला.

आईला नमस्कार, ताईला आठवण.

तुमचा,
बाळू


ता. क. आईचा व्हिसाचा फोटो परत काढायला लागेल, चष्मा चालत नाही.